मामांनी निवडलेली स्लिप

आमच्या मामांइतका बँकेवर जीव असलेला आणि तरीही बँकेवर काडीचा विश्वास नसलेला माणूस कोल्हापूर जिल्ह्यात दुसरा नाही. हे मी अंदाजानं म्हणत नाही. मी बी.कॉम. आहे, आमच्या घराण्यातली पहिली पदवीधर आहे, आणि नोकरीपायी सगळा जिल्हा हिंडलेली आहे. बँकेला घाबरणारी माणसं मी पाहिलीत, बँकेला शिव्या घालणारी तर रोज पाहते. पण पैसे भरायची स्लिप हातात घेऊन, ती उजेडाकडं धरून, नाकाला लावून, "ही नको, दुसरी बघू," असं म्हणणारा माणूस मला एकच भेटला, आणि तोही नात्यातच निघाला. मामा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. आमच्याकडं आत्याच्या नवऱ्याला मामाच म्हणतात. बाहेरगावच्या लोकांचा इथं गोंधळ होतो, त्याला आमचा इलाज नाही.

मामांचं मंगळवार पेठेत पेंडीचं दुकान आहे. म्हशीला लागणारी सरकी पेंड, गोळी पेंड, भुसा असा सगळा माल. दुकानाचा गल्ला ते रोज दुपारी बँकेत नेऊन भरतात. पण पैसे भरणं हा त्यांच्या लेखी शेवटचा किरकोळ भाग. खरा कार्यक्रम त्याआधीचा. मामा बँकेत शिरले की खिडकीकडं बघतसुद्धा नाहीत. सरळ भिंतीजवळच्या उतरत्या फळीकडं जातात, जिथं दोरीनं बांधलेलं पेन आणि स्लिपांचा गठ्ठा असतो. गठ्ठा उचलतात, पत्त्यांच्या कॅटासारखा फळीवर ठोकून सरळ करतात आणि मंडईत वांगी निवडावीत तशा स्लिपा निवडायला लागतात. स्लिपेचे दोन भाग असतात. उजवा बँक ठेवून घेते, डावा शिक्का मारून आपल्याला परत देते, आणि दोन्हींच्या मध्ये फाडण्यासाठी बारीक भोकांची एक रेघ असते. ही रेघ म्हणजे मामांच्या मते स्लिपेचा कणा. रेघ जराशी डावीकडं सरकलेली असली की आपला तुकडा अरुंद होतो आणि शिक्का निम्मा बाहेर पडतो. "निम्मा शिक्का म्हंजे निम्मा भरणा," असं ते शांतपणे सांगतात. मग कागद. पातळ असला तर शाई पलीकडं उमटते. फार गुळगुळीत असला तर शाई धरत नाही. मागं रांगेत उभा असलेला माणूस एकदा वैतागून म्हणाला, "पावणं, स्लिपच घ्यायची हाय, सोयरीक न्हाय जुळवायची." मामांनी त्याला आपण निवडलेल्यांतली एक चांगली स्लिप काढून दिली आणि म्हणाले, "ही घ्या. आता कळंल तुमास्नी आजवर कसल्यावर भरत हुता ते."

या बँकेच्या जिल्हाभर शाखा आहेत. स्लिप सगळीकडं सारखीच असते, असं तुम्हाआम्हाला वाटतं. मामांना तसं वाटत नाही. पेठ वडगावची स्लिप सोशिक असते. कोडोलीची तापट, फाडताना जाता जाता कोपरा घेऊन जाते. एकदा दिवाळीच्या तोंडावर कोल्हापूरच्या शाखेत फारच वाईट लॉट आला, तेव्हा मामा एस.टी.नं वडगावला जाऊन स्लिपा घेऊन आले. आत्यानं विचारलं, "एवढं लांब गेलासा, काय आणलं?" तर यांनी पिशवीतनं स्लिपांचा गठ्ठा काढून चटणीच्या डब्याशेजारी ठेवला. ती संध्याकाळ आत्या त्यांच्याशी बोलली नाही. मामांना ते नंतर आम्ही सांगितल्यावर कळलं.

स्लिप चांगली मिळाली तरी पुढं शिक्का असतोच. एकदा कॅशियर मॅडमच्या शाईची गादी सुकली होती आणि शिक्का असा उमटला की भिंतीवरची जुनी ओल वाटावी. मामा खिडकीतनं हलेनात.

"मॅडम, ह्यात तारीख कुठं हाय?"

"आजचीच आहे मामा."

"मला म्हाईत हाय की आजची. ह्या कागदाला कुठं म्हाईत हाय?"

दुसऱ्या दिवशी मामा घरनं जांभळ्या शाईची बाटली घेऊन गेले. "बँकेची परिस्थिती बरी न्हाय असं दिसलं, म्हटलं आपलंबी काय कर्तव्य हाय," असं म्हणत त्यांनी ती खिडकीतनं आत सरकवली. मॅडमनी घेतली. तेव्हापासून मामांची स्लिप आली की त्या उभ्या राहून शिक्का मारतात.

शिक्क्याचा तुकडा घरी आला की तो सुपात पसरून खाटेखाली ठेवायचा. उन्हात शाई उडते, सावलीत मुरते. मुरला की तारेत ओवायचा. जुन्या दुकानांत बिलं अडकवायची आकड्याची तार असायची, तशा तारा मामांच्या सोप्यात आढ्यापासून लोंबकळतात, एकेका वर्षाची एकेक. पंखा लावला की सगळ्या मिळून अशा सळसळतात की नवा पाहुणा दचकून उठतो, आणि उठला की त्याचे केस तारेत अडकतात. आत्या म्हणते, "लोकांच्या सवती घराबाहेर असत्यात. माझ्या आढ्याला टांगल्यात."

मी एकदा त्यांना समजावून सांगायचा प्रयत्न केला. शिकलेल्या माणसाचं ते कामच आहे. म्हटलं, मामा, पासबुकात सगळी नोंद होते, शिवाय मोबाईलवर मेसेज येतो, हे तुकडे कशाला? मामा म्हणाले, "पासबुक म्हंजे बँकेचं म्हणणं. मेसेज म्हंजे बँकेचं तोंडी म्हणणं. मग आपलं म्हणणं कुठं हाय?" यावर वाणिज्य शाखेत उत्तर आहे, आणि मी ते दिलंही. मामांनी ते पूर्ण ऐकून घेतलं, मान डोलावली आणि सूप खाटेखाली सरकवलं.

मध्यंतरी बँकेनं दारातच पैसे भरायचं यंत्र बसवलं. शिपायानं आग्रह केला म्हणून मामांनी एकदा त्यात पैसे घातले. यंत्रानं एक गुळगुळीत चिठ्ठी दिली. मामा ती घेऊन आत गेले, तर मॅडम म्हणाल्या, यंत्राच्या चिठ्ठीवर आम्ही शिक्का मारत नाही. मामा बाहेर आले आणि दारावरच्या वॉचमनला म्हणाले, "तुमी बघितलंसा न्हवं, मी पैसे घातलेलं?" वॉचमन म्हणाला, "बघितलं की." "मग तसं लिवा." वॉचमननं चिठ्ठीच्या पाठीवर 'पैसे घालताना पाहिले' असं लिहून खाली सही केली, आणि आपण निवृत्त सैनिक असल्याचंही लिहिलं. ती चिठ्ठी आज तारेत आहे. यंत्राची छपाई पार उडून गेलीय, वॉचमनचं अक्षर मात्र ठसठशीत आहे, आणि मामा ते येईल त्याला दाखवतात.

मी बी.कॉम. झाले तेव्हा पेठेतनं पेढे आले, कुणी साडी दिली, वडिलांनी पेन दिलं. मामांनी लाल दोऱ्यानं बांधलेला निवडक कोऱ्या स्लिपांचा गठ्ठा दिला. "वडगावच्या हायत. जपून वापर." मला राग आला होता, हे सांगायला मला लाज वाटत नाही. तीन वर्षं लेखाकर्म शिकून माणसानं स्लिपा घ्यायच्या का?

इथवर सगळं हसण्यावारी होतं. पण मामांना एकुलती एक लेक आहे. आमची राजश्री. डी.फार्म. झालेली, राजारामपुरीत औषधांच्या दुकानात नोकरीला. (डी.फार्म. ही पदविका आहे, पदवी नव्हे, हे मी तिला अधूनमधून सांगत असते.) तिला स्थळं यायला लागली आणि मामांच्या छंदाला धार आली. येईल त्या मुलाला ते गप्पांच्या ओघात एक स्लिप भरायला लावायचे. सांगलीचा एक इंजिनिअर सगळ्यांना पसंत होता. त्यानं स्लिप झकास भरली आणि मामांनी कौतुकानं "ठेवा तुमच्याजवळ" म्हटल्यावर चार घड्या घालून मागच्या खिशात कोंबली. तो गेल्यावर मामा म्हणाले, "भरण्याच्या कागदावर बसणारा माणूस. उद्या आमच्या पोरीला कुठं बसवंल?" स्थळ गेलं. दुसरा एक सरकारी नोकरीतला. त्यानं रक्कम अक्षरात लिहिली, पण शेवटी 'फक्त' लिहिलं नाही. मामा म्हणाले, "ज्याला 'फक्त' लिव्हायचं सुचत न्हाय, त्याला थांबायचं कुठं ते कवा कळायचं?" तेही गेलं. आत्यानं देव पाण्यात ठेवले. मामांनी त्या देवांना नमस्कार केला आणि बँकेत गेले.

मग आजऱ्याच्या निलेशचं स्थळ आलं. काजूचा कारखाना, थोडी भातशेती, माणसं साधी. निलेशची आई कोल्हापुरात दवाखान्यात होती तेव्हा तो रोज राजश्रीच्या दुकानात औषधं न्यायला यायचा. आई बरी होऊन घरी गेली तरी हा दर आठवड्याला आजऱ्याहून कोल्हापूरला डोकेदुखीची गोळी घ्यायला येत राहिला, तेव्हा राजश्रीच्या काय ते लक्षात आलं. तिनंच रीतसर स्थळ पाठवायला सांगितलं. मामांना यातलं काही माहीत नव्हतं. त्यांनी एवढंच विचारलं, "भरणा कुठल्या शाखेत करत्यात?"

आम्ही मुलाचं घर बघायला आजऱ्याला निघालो त्या सकाळी राजश्रीनं स्वयंपाकघरात आत्याला सांगून टाकलं, "आई, बाबांनी हेबी मोडलं तर पुढचं बघू नका. मी औषधं विकत म्हातारी हुईन, पण आता कुणाच्या म्होरं बसणार न्हाय." तिचा आवाज चढला नव्हता, म्हणून आत्या घाबरली. मग राजश्रीनं मला बाजूला घेतलं. "ताई, निलेशला मी फोन केलाय. म्हटलंय, काय बी करा, बाबांना घरात तारेत ओवलेल्या भरण्याच्या स्लिपा दिसल्या पायजेत. तेवढं तू बघ." मी म्हटलं, बघते. शिकलेली म्हणून मला सोबत घेतलंच होतं.

जीपमध्ये मामा, माझे वडील आणि मी. आजरा आला, तसा भाजलेल्या काजूचा वास आला. निलेशच्या वडिलांनी शेत दाखवलं, कारखाना दाखवला, विहीर दाखवली. माझे वडील विहिरीत वाकून वाकून बघत होते. मामा परीक्षेला बसलेल्या पोरासारखे गप्प. चहा झाला आणि त्यांनी विषय काढायच्या आधीच निलेशचे वडील उठले.

"पावणं, आता आत चला. तुमच्याकडची ती रीत आमास्नी ठाऊक न्हवती. पण पोरीचा निरोप आला, म्हटलं कुठं कमी पडायला नको."

आम्ही माजघरात गेलो. देव्हाऱ्याशेजारी खिळ्याला एक नवीकोरी, चकचकीत तार टांगलेली होती. तारेत स्लिपा ओवलेल्या होत्या. अख्ख्या. दोन्ही भागांसकट. सगळ्या कोऱ्या. वरच्या स्लिपेला हळदकुंकू वाहिलेलं होतं आणि तारेच्या आकड्याला झेंडूचं फूल.

निलेश दारात उभा होता, त्यानं माझ्याकडं बघितलं, आणि मी त्याच्याकडं बघितलं नाही. काय झालं असावं ते मला कळलं. शिक्क्याचा तुकडा, भरलेला, मुरलेला, हे राजश्रीनं गृहीत धरलं होतं. तिचं सगळं आयुष्य त्या तारांखाली गेलेलं. आजऱ्याच्या माणसांना एवढंच कळलं होतं की कोल्हापूरच्या पाहुण्यांकडं स्लिपा ओवून टांगायची काहीतरी पद्धत आहे.

मामांनी खिशातनं चष्मा काढला. पुसला. घातला. जवळ गेले.

"कोऱ्या हायत," ते म्हणाले.

"व्हय की," निलेशचे वडील म्हणाले. "पयल्यांदा घरात आलायसा. वापरलेल्या कशा दाखवायच्या?"

यावर माझे वडील खोकायला लागले. मी तोंड उघडलं, कारण काहीतरी बोलणं भाग होतं. पण मामांनी मला हातानं थांबवलं. त्यांनी वरची एक स्लिप तारेतनं अलगद सोडवली. कुंकू फुंकून बाजूला केलं. खिडकीपाशी गेले, उजेडाकडं धरली. बोटांत चोळली. मग त्यांनी ती भोकांच्या रेघेवर फाडली, आणि असा स्वच्छ आवाज आला की तो मलासुद्धा आवडला. दोन्ही तुकडे काठाला काठ लावून त्यांनी बराच वेळ बघितले.

"ही कुठं मिळाली?"

"हितंच, बँकेत. कपाटात गठ्ठे पडल्यात जुने. कोण नेत न्हाय आता, समदी फोनवर करत्यात."

"कोल्हापुरात ही बंद झाली," मामा म्हणाले. त्यांचा आवाज खाली आला होता. "आमची पोरगी झाली त्या सुमाराला मिळायची. मला वाटलं, संपली."

निलेशला काय वाटलं कुणास ठाऊक, तो पुढं आला. "मामा, खरं सांगू का? मला स्लिप भरताच येत न्हाय. कधी भरलीच न्हाय. मीबी फोनवरनंच करतो." त्याच्या वडिलांनी त्याच्याकडं असं बघितलं की वाटावं, त्याला आता काजूबरोबर भाजणार. मी मनातल्या मनात राजश्रीला म्हातारी झालेली बघितलं, गोळ्यांची पाकिटं मोजताना.

मामांनी चष्म्यावरनं निलेशला न्याहाळलं. "चला, एक काम बरं झालं," ते म्हणाले. "चुकीचं तरी शिकलेला न्हाईस. पेन आण."

पुढं काय झालं ते मी डोळ्यांनी बघितलंय, नाहीतर विश्वास ठेवला नसता. स्वयंपाकघरात वडे तळून गार होत होते आणि माजघरात जमिनीवर बसून मामा भावी जावयाला स्लिप भरायला शिकवत होते. तारीख कुठं, नाव कुठं, नोटांचा तपशील पाठीमागं. निलेश जीभ बाहेर काढून लिहीत होता. अक्षरी रक्कम लिहून झाली आणि तो थांबला. रकान्यात पुढं थोडी जागा उरली होती. तो त्या जागेकडं बघत म्हणाला, "मामा, ही मोकळी सोडली तर उद्या कोणतरी ह्यात अजून काय लिहील की."

मामांनी माझ्याकडं बघितलं. मला वाटतं, माझ्या पदवीदान समारंभातही त्यांनी माझ्याकडं एवढ्या अभिमानानं बघितलं नव्हतं. मग ते निलेशला म्हणाले, "म्हणून तिथं 'फक्त' लिव्हायचं. लिव्ह." आणि माझ्या वडिलांकडं वळून, "मेव्हणं, सुपारी आणलीया न्हवं? फोडून घ्या."

लग्न कोल्हापुरातच झालं. राजश्री आजऱ्याला गेली. आता ती माहेरी येते तेव्हा काजू आणते, घनसाळ तांदूळ आणते आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेला एक गठ्ठा आणते. मामा आधी गठ्ठा सोडतात. आत्या म्हणते, "लेकीकडं तरी बघा." ते म्हणतात, "बघतोय की," आणि स्लिपा मोजतात.

गेल्या महिन्यात मी त्यांच्याबरोबर बँकेत गेले होते. दुकानाचा भरणा झाल्यावर त्यांनी दुसरी एक स्लिप काढली. राजश्री लहान असल्यापासून दर सोमवारी तिच्या खात्यात ते थोडे पैसे भरतात. तिला नोकरी लागली तरी भरत होते, लग्न झालं तरी भरतात. त्यांनी स्लिप भरली, खिडकीत दिली. मॅडमनी पडद्यावर बघितलं आणि स्लिप परत सरकवली. "मामा, खात्याचं नाव बदललंय. राजश्रीनं कागद देऊन गेल्या आठवड्यात करून घेतलं. नव्या नावानं भरा."

मामा फळीपाशी परत आले. नवी स्लिप घेतली. 'सौ. राजश्री' लिहिलं आणि पेन थांबलं. आपल्याकडं बाईच्या नावाच्या मध्ये आधी बापाचं नाव असतं, लग्नानंतर नवऱ्याचं येतं. इतकी वर्षं दर सोमवारी त्या जागी ते स्वतःचंच नाव लिहीत आले होते, आणि हाताला ते इतकं सवयीचं झालं होतं की त्यांनी तेच लिहिलं. बघितलं. स्लिप बाजूला ठेवली. दुसरी घेतली. तिच्यावरही तेच झालं. चांगल्या स्लिपा होत्या, आजऱ्याच्या. मी म्हटलं, द्या मामा, मी लिहिते. ते म्हणाले, "ऱ्हाऊ दे. सवय व्हायला पायजे." तिसऱ्या स्लिपेवर त्यांनी एकेक अक्षर सुटं काढत 'निलेश' लिहिलं, पहिलीतल्या पोरासारखं. रक्कम लिहिली. 'फक्त' लिहिलं.

खाली भरणाऱ्याच्या सहीचा एक बारकासा रकाना असतो. एरवी मामा तिथं एक गिरकी मारून मोकळे होतात. त्या दिवशी त्यांनी तिथं आपलं नाव, वडिलांचं नाव, आडनाव असं सगळं सावकाश लिहून काढलं. रकाना संपला, तरी ते लिहीतच राहिले, पार बाहेर, कागदाच्या काठापर्यंत.

"एवढं मोठं कशाला लिहिलं मामा?" मी विचारलं.

"जागा हुती," ते म्हणाले, आणि रांगेत जाऊन उभे राहिले.